माहूरगडावर मागून घेतलेलं दूध

देवीवरचा माझा विश्वास तेव्हा पार उडाला होता, हे आधीच सांगून टाकते. निजामाचं राज्य होतं. त्या साली श्रावणात माझं पहिलं लेकरू गेलं. पाचवी पुजली, बारसं झालं, आणि एका पहाटे हात लावला तर अंग गार. मी रडले नाही. बोलणंही थांबलं. दूध मात्र काही केल्या थांबेना. सासूबाई जुन्या लुगड्याची पट्टी फाडून माझी छाती करकचून बांधायच्या आणि पाठ फिरवून डोळे पुसायच्या.

मी पोटुशी असताना त्यांनीच माहूरच्या रेणुकेला नवस बोलला होता, लेकरू सुखरूप झालं की नवरात्रात पायावर घालायला आणू म्हणून. आता पायावर काय घालायचं? तरी त्यांचं म्हणणं, बोललेला शब्द मोडायचा न्हाई, नुसती ओटी तरी भरून येऊ. आमच्या मालकांची आशा वेगळीच. डोंगर, किल्ला, जत्रा पाहिली की बायकोचं मन रमेल. कनेरगावच्या नाक्यावरून आमची बैलगाडी पुसदच्या वाटेला लागली, तेव्हा ते मला एकेक गाव हौसेनं दाखवत होते. मी मनाशी ठरवून बसले होते, गडावर चढायचं ते परत न उतरण्यासाठीच.

त्या दिवसांत माहूर दृष्ट लागावी असं दिसतं. सागाचं रान हिरवंगार, सीताफळांनी वाकलेल्या फांद्या, धुक्यातून वर आलेला किल्ल्याचा तट. देवळात पानाचा विडा कुटल्याचा आवाज चाललेला. कुटलेला तांबूल देवीच्या मुखी लावतात आणि तोच प्रसाद म्हणून वाटतात. माझ्या तळहातावर पडला तो मी शेजारच्या बाईला देऊन टाकला. देवीशी कट्टी! जणू माझ्या रुसव्यापायी ती उपाशीच राहणार होती.

गर्दीत सासूबाईंचा हात सोडून मी एकटीच तटाकडे निघाले. आता या शहाणीची अक्कल पाहा. निघालेली जीव द्यायला, आणि नव्या लुगड्याला चिखल लागू नये म्हणून ओचा वर खोचून, दगड बघून पाय टाकत होती. काट्यात पदर अडकला, तर फाटू नये म्हणून बाईसाहेबांनी थांबून हलकेच सोडवला.

वाटेत झाडाखाली एक म्हातारी लमाणीण बसली होती, मांडीवर तान्हं पोर. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. त्याची आई खाली धर्मशाळेत तापानं पडली होती, तिचं दूध आटलं होतं, शेळीचं पाजलं तर पोरानं ओकून टाकलं. कुणी विचारलं नसताना म्हातारी सगळं सांगत राहिली. मी न ऐकल्यासारखं पुढे झाले, तोच त्या घोगऱ्या रडण्यानं छातीत कळ आली. पट्टी, चोळी, सगळं भिजून गेलं.

म्हातारीला ते दिसलं. "तुझं लेकरू कुठाय, बाई?"

"न्हाई."

श्रावणानंतर तोंडातून निघालेला तो माझा पहिला शब्द.

तिनं जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. "मग ह्याला घे, माय," म्हणाली आणि पोर माझ्या हातात ठेवलं.

पट्टीची गाठ सुटेना. ती म्हातारीनं दातांनी सोडवली. पोर अधाशासारखं बिलगलं, आणि इतके दिवस अडलेलं माझं रडू तेव्हा फुटलं.

मला शोधत सासूबाई आल्या. कडक सोवळ्याची बाई. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी मान खाली घातली. पण समोर बसून त्यांनी आपल्या पदराचा आडोसा धरला.

"दुसऱ्या बाजूनंबी पाज," त्या म्हणाल्या. "अर्धपोटी न्हाई ठिवायचं लेकराला."

संध्याकाळी पुन्हा पाजायचं होतं, म्हणून मला गड उतरावा लागला. त्याच्या आईचा ताप उतरेपर्यंत आम्ही धर्मशाळेतच राहिलो. पुढं ती माणसं कुठं गेली, देवच जाणे.

माझं लेकरू देवीनं परत दिलं नाही. ते दुःख जिथल्या तिथं आहे, नातवंडांच्या गलक्यातही आहे. ती म्हातारी देवी होती की साधी लमाणीण, याचा काथ्याकूट मी कधी केला नाही. आपल्याजवळ आता काहीच उरलं नाही असं मी समजत होते, आणि जे मी फडक्यानं आवळून ठेवलं होतं तेच तिनं मागून घेतलं. तेव्हापासून मी देवीकडे मागणं सोडलं. सकाळी हात जोडते आणि एवढंच म्हणते, तुला लागेल ते माझ्याकडून ने, माय, आणि लागेल तोवर मला ठेव.