विचारलं तेवढंच

इंग्रजीच्या परीक्षेत मी दोनदा अडकले, ती बोलण्याच्या भागात. वाचन, लेखन, ऐकणं, सगळीकडे नऊपैकी सात किंवा वर. बोलण्यात मात्र सहा. परदेशात नर्स म्हणून जायचं तर तिथेही सात लागतात. क्लासच्या मॅडम म्हणाल्या, "तुमचं इंग्रजी उत्तम आहे हो, पण तुम्ही बोलतच नाही. एका वाक्यात उत्तर देता आणि समोरच्याकडे बघत बसता."

यात चूक काय, तेच मला कळेना. शनिवार पेठेतल्या आमच्या घरात विचारलं तेवढंच सांगायची पद्धत. बाबांची सगळी नोकरी एका कचेरीत, चौकशीच्या खिडकीमागे गेली. "साहेब कधी येतील?" "आले की कळेल." घरात बोलायची ती फक्त आई. ती गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून आम्हा दोघांचं दिवसभराचं बोलणं पोस्टकार्डावर मावेल एवढं. "चहा?" "अर्धा." "येताना दूध आण." "बरं."

हडपसरच्या हॉस्पिटलात मी दिवसभर बोलते, पण ते पेशंटच्या दुखण्याबद्दल. मला कुणी काही विचारत नाही. संध्याकाळी बसमध्ये खिडकीशी बसले की वाटायचं, आज आपण आपलं असं एकही वाक्य बोललो नाही. मी त्याला थकवा म्हणायचे. थकवा नव्हता तो, एकटेपणा होता.

घरच्या कुणाबरोबर तरी रोज सराव करा, असं मॅडमनी बजावलं. घरी एकच माणूस होता.

बाबांनी क्लासमधून मिळालेली प्रश्नांची यादी घेतली, चष्मा पुसला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अगदी चौकशीच्या खिडकीत बसावं तसे बसले. त्यांचं इंग्रजी जुन्या शाळेतलं, खणखणीत.

"तुम्ही कुणाबरोबर राहता?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"वडिलांबरोबर," मीही इंग्रजीत.

"पुढे?"

"पुढे काय? दोनच तर माणसं आहोत."

"ते मला ठाऊक आहे. परीक्षकाला कुठे ठाऊक आहे?" मग यादीत डोकं घालून म्हणाले, "परीक्षक मी असतो तर तुला पैकीच्या पैकी दिले असते. पण मला कोण नेमणार?"

आठवडाभर हे असंच चाललं. मग एका संध्याकाळी क्लासच्या सरावाच्या चिठ्ठ्यांमधून लांब उत्तराची चिठ्ठी निघाली. अशा विषयावर एक मिनिट विचार करायचा आणि दोन मिनिटं बोलायचं. बाबांनी विषय वाचला, "तुमच्या ओळखीच्या एखाद्या खूप बोलणाऱ्या व्यक्तीबद्दल सांगा," आणि माझ्याकडे न बघता मोबाइलवर टायमर लावला.

मी आईबद्दल बोलले. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता फोनवर बोलणारी आई. रिक्षातून उतरायच्या आत रिक्षावाल्याच्या मुलीचं लग्न कुठे ठरलंय ते काढून घेणारी आई. शेवटच्या आजारपणात वॉर्डातल्या प्रत्येकीचं माहेर जिला पाठ होतं, ती आई. मराठीत आम्ही तिचा विषयच काढत नव्हतो. इंग्रजीत मात्र मला थांबता येईना. टायमर वाजून वाजून बंद झाला तरी बाबांनी अडवलं नाही.

माझं संपल्यावर ते म्हणाले, "मुलीचं नाही. रिक्षावाल्याच्या बहिणीचं लग्न होतं." आणि कप विसळायला उठले. दोनच कप होते, पण नळ बराच वेळ चालू राहिला.

त्यानंतर दोन महिने रोज एक चिठ्ठी. बसमध्ये मी घड्याळ बघायला लागले, घरी कधी पोचते असं व्हायचं. ज्या परीक्षेनं मला या घरातून न्यायचं होतं, तिच्यामुळेच घरात बोलणं सुरू झालं होतं. हे मला दिसत होतं, आणि तरी मी जीव तोडून तयारी करत होते.

तिसऱ्या वेळी सात मिळाले. मी मोबाइल बाबांपुढे धरला. त्यांनी आकडा दोनदा पाहिला. "छान झालं," म्हणाले, आणि जरा थांबून, "व्हिसाला किती दिवस लागतात?"

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ते यादी घेऊन आले.

"आता कशाला, बाबा?"

"सवय झाली. आज तू विचार."

मी टायमर लावला आणि यादीतला पहिलाच प्रश्न वाचला. "तुम्ही कुणाबरोबर राहता?"

बाबा ताठ बसले. "मी एकटा राहतो," त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं. उच्चार स्वच्छ, कुठेही न अडखळता. हे वाक्य त्यांनी आधी म्हणून पाहिलं असणार.

सवयीनं माझ्या तोंडातून निघालंच, "पुढे?"

"पुढे काय?" ते मराठीत म्हणाले. "विचारलंस तेवढं सांगितलं."

टायमरवर अजून दीड मिनिट बाकी होतं. मी तो चालूच ठेवला.