जिवंत चेअरमनला हार

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी मूळची साताऱ्याची, सांगलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. त्या वर्षी जवळच्याच एका साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांना वेबसाइट हवीशी झाली. शेजारच्या कारखान्याची झाली होती, एवढंच कारण. वेबसाइट म्हणजे काय हे त्यांनी विचारलं नाही. आपला फोटो केवढा येणार, हे मात्र दोनदा विचारलं.

काम क्लासकडे आलं आणि क्लासनं ते माझ्या गळ्यात घातलं. पहिल्या पानावर काय असावं, यावर संचालक मंडळाची अख्खी बैठक झाली. उसाची माहिती, गाळपाची माहिती वगैरे फुटकळ गोष्टींवर चर्चा झाली नाही. ठरले ते तीन फोटो : डावीकडे दिवंगत संस्थापक, मध्ये चेअरमन, उजवीकडे व्हाइस चेअरमन. संस्थापकांना हार, आणि प्रत्येकाखाली एकेक ओळ. संस्थापकांखाली ‘पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन’, चेअरमनखाली ‘कार्यसम्राट चेअरमन’, व्हाइस चेअरमनखाली नुसतंच ‘व्हाइस चेअरमन’. तिथेही एखादं विशेषण बसवावं, असं त्या गृहस्थांनी सुचवून पाहिलं. चेअरमनसाहेब म्हणाले, जागा न्हाई.

तेव्हा परक्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं धड उमटायची नाहीत. म्हणून मी त्या ओळींची चित्रंच केली. तिन्ही फोटोंची एक सलग पट्टी मागे ठेवली, तिच्यावर न दिसणाऱ्या रेघांचा तक्ता मांडला आणि तक्त्याच्या खणांत हार आणि ओळी बसवल्या. कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर पान झकास दिसलं. त्या कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, आणि मी सुटले असं मला वाटलं.

पुढे काही महिन्यांनी एका सकाळी क्लासमध्ये फोन आला. चेअरमनसाहेब स्वतः बोलत होते.

“बाई, मी कवा गेलो?”

“कुठे, साहेब?”

“वर! इंटरनेटवर माजा हार घातल्याला फोटो हाय म्हनं. तारीख तेवढी सांगा, म्हंजे तेराव्याच्या तयारीला लागाय बरं.”

झालं होतं ते असं. विट्याकडची माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली. त्यांतल्या कोइमतूरच्या एकानं तिथल्या सायबर कॅफेत बसून आपल्या कारखान्याचं पान कौतुकानं उघडलं, आणि त्याला दिसलं की चेअरमन हारात आहेत. खाली विनम्र अभिवादनही आहे. त्यानं विट्याला थोरल्या भावाला फोन केला. भावानं खात्री करून घ्यायच्या ऐवजी जीप काढली. दहाच्या सुमारास खांद्यावर टॉवेल टाकलेली दहा-बारा माणसं चेअरमनसाहेबांच्या दारात उतरली. साहेब ओट्यावर डोक्याला कलप लावून वाळवत बसले होते. एका म्हाताऱ्यानं उतरता उतरता हंबरडा फोडला होता, तो मध्येच थांबवताही येईना.

मी कारखान्यावर पोचले तेव्हा ऑफिसातला क्लार्क कॉम्प्युटरवरचा कपडा काढून तयारच होता. पान उघडलं. हार संस्थापकांनाच होता. क्लार्क खूश होऊन म्हणाला, “साहेब, इथं तुमी जिवंत हाय!”

“इथं जिवंत हाय ते मला बी ठावं हाय,” साहेब गरजले. “कोइमतूरला का मेलो ते बगा!”

मी कोइमतूरला फोन लावला. तो बिचारा रडकुंडीला आला होता. कॅफेवाल्यानं कॉम्प्युटरवर काही नवीन टाकलंय का, असं मी विचारलं. “व्हय ताई, परवाच नवा ब्राउझर घातलाय. लय फास्ट हाय म्हनतो.”

सांगलीत परतले. एका मासिकासोबत आलेल्या सीडीवर तोच नवा ब्राउझर होता, तो क्लासच्या कॉम्प्युटरवर चढवला आणि पान उघडलं. सगळं एकेक घर उजवीकडे सरकलेलं. संस्थापक बोडके. चेअरमनच्या गळ्यात झेंडूचा हार. आणि व्हाइस चेअरमनच्या फोटोखाली ऐटीत ‘कार्यसम्राट चेअरमन’. उरलेलं ‘व्हाइस चेअरमन’ खाली उसाच्या जाहिरातीत जाऊन पडलं होतं.

आधी मी पोट धरून हसले. मग मी लिहिलेला कोड वाचायला घेतला आणि हसू गेलं. तक्त्यातला एक खण मी बंदच केला नव्हता. त्याची शेवटची खूण, पाच अक्षरांची, राहिली होती. जुना ब्राउझर ती चूक सांभाळून घ्यायचा. नव्या आवृत्तीनं सांभाळून घेणं बंद केलं आणि सुरुवातीला एक रिकामा खण घुसवला. म्हणजे साहेबांना मारलं होतं ते मीच. पाच अक्षरं लिहिली, पान पुन्हा चढवलं. फोनची लाइन दोनदा तुटली, तिसऱ्यांदा गेलं. कोइमतूरला कळवलं. पलीकडून आरोळी आली, “उठलं, ताई, साहेब उठलं!”

दुसऱ्या दिवशी तातडीची बैठक. मला खुलाशाला बोलावलं होतं. संस्थापकांचा हार गेला होता हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. मी म्हणाले, नव्या ब्राउझरमुळे असं झालं. हे खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं. एका संचालकानं त्या ब्राउझरचा निषेध करायचा ठराव मांडला. दुसऱ्यानं विचारलं, निषेध कुठल्या पत्त्यावर धाडायचा?

साहेब मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकले होते. सांत्वनाला कोण कोण आलं होतं, याची यादी त्यांनी करून आणली होती. व्हाइस चेअरमनचं नाव तिच्यात नव्हतं.

“तुमाला बातमी कळली न्हवती व्हय?” साहेबांनी गोड आवाजात विचारलं.

“कळली की. पर माजा इस्वासच बसंना.”

“मग धा वाजल्यापास्नं सात डायरेक्टरांना फोन कशापाई केले? इस्वास बसावा म्हनून?”

सातही डायरेक्टर समोरचे कागद चाळू लागले. त्यांतल्या पाच जणांनी, हे नंतर कळलं, व्हाइस चेअरमनना चेअरमन करायला त्या फोनवर होकार दिला होता.

पुढच्या निवडणुकीत व्हाइस चेअरमनचं तिकीट कापलं गेलं. साहेब मनापासून समजत राहिले की तो फोटोचा घोटाळा मी मुद्दाम घडवला, त्यांच्या वैऱ्याला उघडं पाडायला. वार्षिक सभेत त्यांनी मला स्टेजवर बोलावून शाल दिली आणि माइकवर म्हणाले, “ही बाई लय हुशार हाय.” समोरची माणसं टाळ्या वाजवत होती. खरं सांगायला तोंड उघडलं, पण माइक तोवर पुढे गेला होता. मी काही तो परत मागितला नाही. शाल घडी करून पिशवीत ठेवली आणि सांगलीची एसटी पकडली.