शिंका : निरंक

कामावर ठेवलं होतं ते मावशींच्या नाकाला. बाकीची बाई त्या नाकाच्या मागोमाग यायची, एवढंच.

मांजर नुसतं दारातून डोकावलं तरी मावशींना सटासट शिंका यायच्या, डोळे लालभडक व्हायचे, घसा खवखवायचा. आणि गंमत बघा, जगात मांजराइतकं दुसरं काही त्यांना आवडत नव्हतं! त्या सात वर्षांच्या असताना घरातली करडी मांजर त्यांच्यापायी दुसऱ्या कुणाला देऊन टाकावी लागली. आई म्हणाली होती, "मांजर की मुलगी, एकच काय ते घरात राहील." मुलगी राहिली. पण पिशवीतून जाताना ती मांजर कशी ओरडली, ते साठी आली तरी मावशींच्या कानातून गेलं नव्हतं.

शर्टांच्या कारखान्यातली तयार माल तपासायची त्यांची तीस वर्षांची नोकरी संपली आणि थोड्याच दिवसांत कळलं, की मांजरांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेला हमखास शिंकणारी माणसं हवी आहेत. मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे हजर. लेक हसून हसून बेजार झाली. "आई, लोक दुखणं लपवून नोकरी मिळवतात, आणि तू दाखवून मिळवलीस!"

तिथे मांजरांच्या जनुकांत फेरफार चालला होता. मांजराच्या थुंकीतल्या ज्या पदार्थाने माणसं शिंकतात, तो मांजराच्या अंगात तयारच होऊ नये, असा सगळा खटाटोप. मावशींचं काम सोपं. काचेच्या खोलीत खुर्चीवर बसायचं, एकेक मांजर अर्धा तास मांडीवर घ्यायचं आणि छापील तक्ता भरायचा. शिंका किती, डोळे कसे, घसा कसा. खाली बोटभर रुंदीचा 'शेरा' आणि त्याखाली सही. संस्थेत सगळे त्यांना शिंकमावशी म्हणायचे, आणि त्याही ओ द्यायच्या.

पहिल्या दिवशी मुद्दाम साधी मांजर दिली होती. अर्ध्या तासात चौदा शिंका! मग फेरफार केलेल्या बारा मांजरांतली पहिली मांडीवर आली. पाच मिनिटं गेली, दहा गेली, अर्धा तास झाला. नाक गप्प. मावशींनी भीत भीत तिच्या पाठीत तोंड खुपसलं, तरी गप्प. मग मात्र त्यांचे डोळे वाहायला लागले. संशोधन सांभाळणाऱ्या मॅडम, म्हणजे मावशींच्या लेकीच्याच वयाची मुलगी, काचेपलीकडून धावत आल्या. "डोळ्यांतून पाणी? लिहा, लिहा!"

"अहो, हे ते पाणी नव्हे," मावशी नाक पुसत म्हणाल्या.

बारांपैकी सातव्या नंबरच्या मांजरीवर त्यांचा जीव जडला. करडीच होती, एक पंजा तेवढा पांढरा. मांडीवर आली की घुर्रघुर्र सुरू. मॅडमनी शब्द दिला, "परवानगीची फाइल मंजूर झाली की सातवी तुमची." झालं! मावशींनी वेताची टोपली आणली, जुन्या शर्टांची गादी शिवली, टोपली दाराशी मांडून ठेवली. दर आठवड्याला बारा मांजरं, बारा तक्ते. सहा आठवडे प्रत्येक तक्त्यावर ठसठशीत अक्षरात एकच शब्द. निरंक. हा शब्द त्यांचा कारखान्यापासून लाडका. दोष नाही, खोट नाही, बिनघोर पुढे पाठवा.

सातव्या आठवड्यात, सातवी मांडीवरून उतरल्यावर, मावशींना आपल्या बाहीवर रक्ताचे दोन ठिपके दिसले. त्यांनी तिला परत उचललं. ती मागच्या पायाने कान खाजवायला धडपडत होती. मावशींच्या बोटांनी मग जे तीस वर्षं केलं तेच केलं. कॉलर उलटावी तसा तिचा कान अलगद उलटा केला.

आतून कान सोललेला होता. केस गेलेले, कातडी लाल, खाजवून खाजवून चिघळलेली.

कारखान्यात मावशींचा दरारा एकाच गोष्टीचा होता. उलटी बाजू बघितल्याशिवाय ही बाई शर्ट पास करत नाही. सरळ बाजूला काय, कुणीही इस्त्री फिरवतं! आणि इथे? इथे शिंक येत नाही या आनंदात त्या सहा आठवडे नुसती पाठ कुरवाळत बसल्या होत्या. डोळे मिटून दूध पिणारं मांजर दुसरं कुणी नव्हे, आपणच, असं त्यांना वाटलं आणि स्वतःचा भयंकर राग आला.

त्यांनी उरलेली अकरा मांजरं एकेक करून मागवली. एकूण बारांपैकी नऊ जणींचे कान तसेच निघाले. नऊ तक्त्यांच्या शेऱ्यात त्यांनी तसं लिहिलं. बोटभर रकाना पुरेना, म्हणून मागच्या बाजूलाही लिहिलं.

मॅडम तक्ते घेऊन आल्या. "मावशी, हे शेऱ्यात कशाला? कानांचं आम्हाला माहीत आहे. मलम चालू आहे. साधा संसर्गही असेल."

"असेल ना. कशाने झालं ते तुम्ही शोधा, तुम्ही शिकलेल्या. मला दिसलं ते मी लिहिलं."

"पण हा तक्ता माणसाच्या त्रासाचा आहे. मांजराच्या त्रासाचा रकानाच नाही यात."

"तिथेच तर सगळं घोडं पेंड खातंय!"

मॅडम समोरच्या स्टुलावर बसल्या. त्या काही दुष्ट नव्हत्या. "तुमच्यासारख्या मुलींच्या घरातून मांजर जाऊ नये म्हणून सहा वर्षं राबतेय मी. रोज कुणी ना कुणी आपलं मांजर रस्त्यावर सोडतं, निव्वळ शिंकांपायी. सोमवारी फाइल जायची आहे. आज नुसतं निरंक लिहा, कानांचं मागाहून बघू. नाहीतर सगळं वर्षभर लांबेल. आणि परवानगीच नसेल तर सातवी तुम्हाला घरी कशी देऊ मी?"

काचेपलीकडे सातवी बसली होती, पांढरा पंजा पुढे करून. लहानपणीच्या त्या करडीनंतर पहिल्यांदा एक मांजर मावशींची होणार होती. एक शब्द लिहायचा अवकाश. त्यांनी पेन हातात घेतलं, टोपण काढलं, परत लावलं.

"मॅडम, माझा त्रास संपला असता ना, तर मी इथे नाचले असते. पण तो माझ्या नाकातून निघून तिच्या कानात जाऊन बसला असेल, तर? तिला विचारलं होतं का कुणी? माझं मी शिंकून मोकळी होते. त्या मुक्या जिवाने कुणाला सांगायचं?"

"मावशी, मागाहून नक्की बघू म्हणतेय ना मी."

"आमचा सुपरवायझरही हेच म्हणायचा. मागाहून बघू म्हटलेला शर्ट शेवटी गिऱ्हाईकच बघतं. जुने तक्ते काढा."

"ते कशाला?"

"माझी सही आहे त्यांच्यावर."

बहात्तर तक्ते होते. मावशींनी खाडाखोड केली नाही. प्रत्येक निरंकखाली एकच ओळ लिहिली, 'कान उलटून पाहिले नव्हते', आणि पुढे सही, आजची तारीख. विसाव्या तक्त्याला बोटं आखडली. चाळिसाव्याला मॅडम म्हणाल्या, "उरलेले उद्या करा." मावशींनी मान वर केली नाही. पन्नासाव्याला मॅडमनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. बहात्तरावा झाल्यावर मॅडमनीच सगळा गठ्ठा उचलला, फाइलमध्ये घातला आणि फाइलवरची सोमवारची तारीख स्वतःच्या हाताने खोडली.

घरी आल्यावर मावशींनी लेकीला सांगून टाकलं, सातवी येणार नाही. लेक बिचारी हिरमुसली. दाराशी मांडलेली टोपली उचलून माळ्यावर ठेवायला निघाली, तशा मावशी कडाडल्या, "ठेव ती खाली! कान बरा व्हायला वेळ लागतो. उद्यापासून मलम लावायला मी रोज जाणार आहे. नोकरीवर ठेवोत, न ठेवोत."

लेकीने टोपली जागच्या जागी ठेवली. "पण आई, सगळं कसं सुरळीत चाललं होतं. मग माशी शिंकली कुठे?"

"माशी नाही गं," मावशी पायातल्या चपला काढत म्हणाल्या, "या खेपेला मीच शिंकले."