मिल्याचं अर्धं गाणं

मिलिंद काल गेला. आणि गेले सोळा दिवस आमचं बोलणं बंद होतं.

कारण सांगितलं तर हसाल. एका इंग्लिश अल्बमवरून. वय दोघांचंही सत्तावन्न.

आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. ऐंशीच्या दशकातल्या एका ब्रिटिश जोडगोळीचे फॅन. त्यांच्यातला एक गायचा, दुसरा कीबोर्डमागे उभा राहायचा आणि आम्ही इकडे जीव टाकायचो. आता ग्रुपवर पस्तीस-चाळीस माणसं आहेत आणि जवळपास सगळ्यांना बीपी नाहीतर शुगर.

महिन्याभरापूर्वी कुणाच्या तरी डोक्यात आलं की सगळे अल्बम पुन्हा ऐकायचे. आठवड्याला एक. नव्याने मार्क द्यायचे. वय वेडं होतं म्हणून आवडले, की खरंच चांगले होते, ते एकदा कळू दे.

पहिले दोन धडाधड पडले. पहिल्याला कुणी पाचच्या वर द्यायला तयार नाही. "ड्रम मशीन नुसतं पत्रा वाजवल्यासारखं वाटतंय यार," असं नाशिकच्या एकाने लिहिलं. मलाही तसंच वाटलं. एकेकाळी यासाठी आपण रात्रीचं जेवण सोडायचो, हे आठवून दमायलाच झालं.

मग तिसऱ्या अल्बमचा नंबर आला आणि एरवी गप्प असणाऱ्या मिलिंदने लांबलचक मेसेज टाकला.

"दहापैकी दहा. शेवटचं गाणं मध्येच तुटतं. शब्द अर्धा राहतो. निरोप असाच असतो, पूर्ण कुणाचाच होत नाही. असा शेवट करायला हिंमत लागते."

कुणाला काही कळेना.

"सर, कुठे तुटतं? ते तर हळूहळू विरत जातं."

"कुठलं व्हर्जन ऐकता तुम्ही?"

ते व्हर्जन माझं होतं.

कॉलेजात असताना मीच त्याला तो अल्बम कॉपी करून दिला होता. आमच्या दादरच्या घरी दोन कॅसेटवाला डेक होता, काकांनी दुबईहून आणलेला. मिल्या परभणीहून आलेला, भांडुपला मावशीकडे राहायचा. साठ मिनिटांची कोरी कॅसेट तोच घेऊन आला होता. ती शेवटच्या गाण्याच्या मध्येच संपली. खट्. मी म्हटलं, चालतंय, त्याला कुठे कळणार आहे.

चार दिवसांनी कॅन्टीनमध्ये मला शोधत आला.

"संज्या, शेवट ऐकलास का? कसला थांबतो रे तो!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याचा चेहरा बघून जीभ रेटली नाही.

पुढे काही वर्षांनी त्याचे बाबा गेले. फोनवर याच्याशीच बोलत होते, वाक्य अर्धं राहिलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहाराबाहेर चपला घालता घालता तो मला म्हणाला, "त्या गाण्यासारखं झालं रे. म्हणून सहन होतंय."

त्यानंतर सांगायचा प्रश्नच उरला नाही. कॅसेट त्याने जपून ठेवली. मोबाइलवर तो अल्बम कधीच लावला नाही. "मी ऐकलंय तेवढं पुरे आहे," म्हणायचा.

आणि हे सगळं माहीत असूनही मी ग्रुपवर लिहिलं:

"मिल्या, ते व्हर्जन माझं आहे. टेप संपली होती बाबा! पस्तीस वर्षं तू कॅसेट संपली म्हणून रडतोयस."

पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे.

का लिहिलं? मोठं काही कारण नाही. दुपार होती, ऑफिसात कंटाळा आला होता, चार माणसं हसली असती.

हसलीच. चारपेक्षा खूप जास्त.

संध्याकाळी मिलिंद ग्रुपमधून बाहेर पडला.

मी फोन केला नाही. म्हटलं, रविवारी जाऊन कान पकडतो. पहिल्या रविवारी मेहुणा आला. दुसऱ्या रविवारी शर्ट घालून तयार झालो होतो. तो सहा महिन्यांपूर्वी काशीगावातल्या नव्या टॉवरमध्ये राहायला गेला होता आणि मी अजून ते घर पाहिलंही नव्हतं. आमच्या इंद्रलोकपासून रिक्षाने वीस मिनिटं. पण फ्लायओव्हरखालचा ट्रॅफिक आठवला आणि तसाच शर्टासकट आडवा झालो. या वयात दमणूक हे फार सोयीचं कारण असतं.

खरं तर घाबरलो होतो. "एवढी वर्षं का नाही बोललास?" असं तो विचारेल म्हणून.

काल सकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले हो. झोपेतच."

त्याच्या टॉवरच्या गेटवर वॉचमनने अडवलं. तिथे सगळ्यांनाच अडवतात. रजिस्टरमध्ये नाव लिहायचं, मग तो वर फोन करून विचारतो, मग सोडतो. मी नाव लिहिलं. संजय, इंद्रलोक, फ्लॅट ७०४.

त्याने वाचलं आणि हातातलं पेन परत घेतलं.

"आप संजयजी हो? आपको एंट्री नहीं करने का. साहब पंद्रह दिन पहले बोल के गए थे, मेरा दोस्त आएगा, रोकना मत, ऊपर फोन भी मत करना, सीधा भेज देना."

मग खाली बघत म्हणाला, "रोज शाम को नीचे आ के पूछते थे, आया क्या."

लिफ्ट दोनदा आली आणि गेली. तिसऱ्यांदा आत शिरलो.

वर वंदना सुरू झाली होती. मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. वहिनींनी पुढे बोलावलं, तरी तिथेच थांबलो.

मिल्या, थट्टा सगळ्यांसमोर केली होती, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागतोय. तू रागावला होतास असं समजून मी घरी बसलो. तू वाट बघत होतास.

उशीर झाला रे.

शेवटचा जयभीम, दोस्ता.