टाळ्या
खराडीतल्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये काल कुणाच्या तरी अंगाला सनस्क्रीनचा वास आला आणि मला अंदमानातलं ते खडकाळ बेट आठवलं. आम्ही पुण्याचे दहाजण होडीतून पक्षी बघत होतो. सुरय नावाचे समुद्रपक्षी उघड्या खडकावर अंडी उबवत होते. त्यांचे उडतानाचे फोटो मिळावेत म्हणून आमच्या गटप्रमुखाने टाळ्या वाजवल्या, तसा सगळा थवा किंचाळत उठला आणि अंडी भर उन्हात उघडी पडली. "पुरे करा, बसू द्या त्यांना," मी म्हणाले. "अहो, आपण पक्षी बघायला आलात की त्यांची बाळंतपणं करायला?" गटप्रमुख म्हणाला. सगळे हसले, माझा नवरा सर्वांत मोठ्याने. गटप्रमुखाने पुन्हा हात उचलले, तेव्हा मी त्याची मनगटं घट्ट धरली आणि पक्षी अंड्यांवर परतेपर्यंत सोडली नाहीत. परत पुण्याला पोहोचेपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही. नवरा अजून म्हणतो, "विसर आता." पक्षी बघायला मी आता एकटीच जाते.