चार-चारचे गट आणि बाबा

आई गेल्यावर दोन महिन्यांनी बाबा उमरेडहून आमच्या बेसातल्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हा मी जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा शिकत होते. नवरा सकाळीच कामावर जायचा. मग दिवसभर घरात आम्ही दोघंच: मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून आणि बाबा बाल्कनीत. दर रविवारी ते म्हणायचे, "आता जातो मी उमरेडले." मी म्हणायचे, "राहा ना." खरं सांगते, त्या 'राहा ना'त काही जोर नसायचा.

पुण्याच्या भावाने शेवटी फोनवर तोडगा काढला. त्यांना तिथेच बरं वाटत असेल तर जाऊ दे, शेजारच्या काकू दोन वेळचा डबा देतील. मी बरं म्हटलं आणि सोमवारची सकाळची बस ठरली. त्या घरात ते एकटे पडणार हे मला कळत होतं, आणि तरी जरा सुटल्यासारखंही वाटत होतं. हे मी कुणाजवळ बोलले नाही.

माझं काम तरी काय मोठं होतं? प्रोग्राम लिहिताना रोज लागणाऱ्या बारीकसारीक कामांची फंक्शनं, म्हणजे कोडचे छोटे तुकडे, लिहायची आणि त्यांचा एक छोटासा संग्रह, म्हणजे लायब्ररी, करायची. यादीत दोनदा आलेली नावं काढून टाकणारं एक फंक्शन, लांबलचक वाक्य मधेच आखूड करणारं एक, मोठ्या यादीचे गट पाडणारं एक. अशी फंक्शनं आयती मिळतात, तीही फुकट. पण आयत्यावर हात बसत नाही, म्हणून मी हट्टाने सगळं स्वतः लिहीत होते. शिकवणाऱ्या बाईंचा दंडक होता की लिहिलेलं प्रत्येक फंक्शन कुणाला तरी मोठ्याने समजावून सांगायचं. घरात सांगायला बाबाच होते. ते निमूट ऐकून मान हलवत, आणि मी एकदाचा गृहपाठ उरकत असे.

शनिवारी दुपारी गट पाडणारं फंक्शन झालं. मी स्वतःवरच खूश. बाबांना बोलावून चौदा नावांची यादी दाखवली, बटण दाबलं, आणि स्क्रीनवर चार-चारचे तीन गट आले.

बाबांनी बोटांच्या पेरांवर मोजलं.

"दोन कुठी गेले?"

"ते सोडून दिले, बाबा. त्यांचा चारचा गट पुरा नाही झाला ना."

"सोडून काहून दिले वं?"

"नियमच तसा लिहिला मी."

"मंग नियम चुकला तुहा."

आमच्याकडे आल्यापासून इतकं ठाम ते पहिल्यांदाच बोलले. बाबांनी जन्मभर हातमाग चालवला. मागावर कापडाचे उभे धागे लावताना ते चार-चार धाग्यांची जुडी करत. टेबलावरच्या कापडाच्या कडेवर बोट ठेवून ते मला सांगू लागले.

"शेवटच्या जुडीत कधी तीन येतेत, कधी दोनच. तेही भराच लागतेत. टाकून देशीन त काठ नाही येत. काठ नाही त धागे सुटत जातेत."

मी कोड पाहिला. चार शिल्लक नसतील तर थांब, असं मीच लिहून ठेवलं होतं. एक अट बदलली, आणि दोन नावांचा चौथा गट खाली अवतरला. मला वाटलं, झालं. पण बाबांनी खुर्ची ओढून घेतली.

"आता तीनच नावं दे." दिली. "एकच दे." दिलं. "आता एकही नको देऊ, पाह्य काय म्हणते ते." रिकामी यादी दिली, रिकामीच परत आली, कुठे काही अडकलं नाही. माझ्या बाईंनीसुद्धा इतकं उलटंसुलटं करून पाहिलं नसतं. आमचा चहा गार झाला, आणि त्या दुपारी मला बाबांबद्दल फार माया वाटली, लहानपणी वाटायची तशी.

रविवारी संध्याकाळी मात्र ते कपडे भरायला बसले. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"बाबा, नका जाऊ." या वेळी मी मनापासून म्हटलं.

ते शर्टाची घडी घालत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, "मले वाटे, मी असलो का तुह्या कामाची खोटी होते. म्हणून जातो म्हणत होतो."

काहीतरी गोड खोटं बोलता आलं असतं. पण मला रडू आलं, आणि मी लपवलं नाही. "मलेही तसंच वाटे, बाबा. चुकलं माहं."

बाबांनी घडी केलेला शर्ट माझ्या हातात दिला.

"हा कपाटात ठेव बेटा."