अंदाजाचा सिग्नल

उजवा हात खांद्याइतका वर करून ड्रायव्हरमामा कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या सिग्नलकडं बोट दाखवायचे आणि खड्या आवाजात म्हणायचे, "हिरवा." स्वयंपाकघरातून मामींचा आवाज यायचा, "हिरवा." मगच गाडी पुढं जायची.

तुम्ही रेल्वेच्या गावात राहिला असाल, तर अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. निवृत्त होतात, पण इंजिनातून उतरत नाहीत. पूर्णेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि हे ड्रायव्हरमामा आमच्याच गल्लीतले. नोकरीभर त्यांनी मालगाड्या चालवल्या. मुलगा परगावी गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर घरीच राहिला. त्यात रेल्वे चालवायचा एक गेम होता. मामा एकदा सहज बसले आणि तिथलेच झाले.

गेममधला देश बर्फाचा. निळसर डोंगर, गोठलेली तळी, धूर सोडणारी घरं. मामा त्यातलं काही बघायचे नाहीत, नजर फक्त रुळावर आणि सिग्नलवर. इंजिनात एकानं सिग्नल बघून सांगायचा आणि दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा, हा त्यांच्या नोकरीतला नियम. घरात असिस्टंट म्हणून मामींची नेमणूक झाली होती. भाजी निवडता निवडता, न बघताच त्या उत्तर द्यायच्या. एकदा मामा "लाल" म्हणाले आणि मामी सवयीनं "हिरवा" म्हणून मोकळ्या झाल्या.

"तुला दोन दिवस ड्यूटी न्हाई," मामा म्हणाले.

"बरं. मंग गॅसपाशी बी न्हाई."

जेवणवेळेच्या आत मामी ड्यूटीवर परत रुजू झाल्या.

मग तो गेम सुधारला. बर्फ जास्त खरा झाला, झाडांना सावल्या आल्या आणि मामांच्या कॉम्प्युटरमधलं चित्रं काढणारं जुनं ग्राफिक्स कार्ड धापा टाकायला लागलं. गाडी अडखळत चालायची. मामांनी मला बोलावलं.

मी त्यांना अपस्केलिंग समजावून सांगितलं. कार्डानं चित्र लहानच काढायचं, मग ते मोठं करायचं, आणि मधे जे राहिलं ते अंदाजानं भरायचं. काम हलकं होतं, गाडी पळते. हे करणाऱ्या कंपन्यांत चढाओढ आहे, आणि खोक्यांच्या रंगावरून आम्ही दुकानदार त्यांना हिरवी आणि लाल म्हणतो.

"आपलं कार्ड कुठलं?"

"हिरव्या कंपनीचं. पण तिची पद्धत फक्त तिच्या नव्या कार्डांवर चालते. लाल कंपनीची कुठल्याही कार्डावर चालते, तुमच्याही. फक्त या गेममध्ये ती अजून आलेली नाही."

मामा म्हणाले, "म्हणजे घरचे न्हाई म्हणायलेत अन् परका हो म्हणायलाय. पर त्यो अजून गावात आला न्हाई."

तो आला काही महिन्यांनी. मी बटण दाबलं आणि गाडी तळ्याच्या कडेनं लोण्यासारखी सरकू लागली. मीच खूश झाले. मामा मात्र पुढं वाकून बघत होते. लांबचा सिग्नल थरथरत होता. पिवळा आहे की लाल, ते जवळ गेल्याशिवाय कळत नव्हतं. रुळांवरची विजेची तार मधेच तुटल्यासारखी दिसायची आणि पुन्हा जुळायची.

"बंद कर," ते म्हणाले. "अंदाजानं सिग्नल बघत नसतात."

"मामा, हा खेळ आहे."

"मागं डबे हायेत की."

मी बंद केलं. गाडी पुन्हा अडखळू लागली आणि ते समाधानानं तिच्याबरोबर अडखळत राहिले. मुलगा नवं कार्ड पाठवतो म्हणाला, तर नको म्हणाले. ह्या इंजिनाची सवय झालीय, एवढंच कारण दिलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी ते दुकानात आले आणि स्टुलावर बसले. माझ्याकडं बघत होते, पण नजर माझ्या कानाशी होती. नांदेडला डोळे दाखवून आले होते. दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झाले होते. कडेचं दिसणार, मधलं हळूहळू जाणार.

"डॉक्टर म्हणला, मधी जे दिसत न्हाई ते डोकं स्वताच भरायलंय. आजूबाजूचं बघून. म्हणजे मी बी आता अंदाजावरच चाललोय, पोरी."

मी चहा सांगितला. चहा पिऊन उठताना ते म्हणाले, "येऊन ते लाल कंपनीचं चालू करून दे."

त्या संध्याकाळी मी चालू करून दिलं. तोवर त्या पद्धतीतही सुधारणा झाली होती, तार आता सलग दिसत होती. मामींनी हात पुसले, खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच मामांच्या शेजारी पडद्यासमोर बसल्या. आता सिग्नल त्या सांगणार होत्या.

"थांबा, लांब हाय अजून. नाचायलाय... पिवळा."

"पिवळा," मामा म्हणाले आणि त्यांचा हात बरोबर ब्रेकवर गेला.

मग मी मुद्दाम संध्याकाळी चक्कर टाकायची. गाडी चालायची आणि मामी बोलत राहायच्या. सिग्नल नसला की बाहेरचं सांगायच्या. तळं गोठलंय. एक कुत्रं रुळाकडं बघत बसलंय. एका घराला दिवा लागलाय. मामा डोळे अर्धवट मिटून ऐकायचे. एकदा म्हणाले, "मानवत स्टेशनाच्या पुढं बी आसंच होतं का गं सगळं? मी कधी बघितलंच न्हाई."

"बर्फ नव्हतं," मामी म्हणाल्या. "कापूस होता. लांबून तसंच दिसायचं."

मागच्या थंडीत मामा गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत.

महिन्याभरानं मामींनी मला निरोप पाठवला. कॉम्प्युटर विकायला काढला असेल असं वाटलं, म्हणून पिशवीत वायरी भरून गेले. मामी पडद्यासमोर एकट्याच बसल्या होत्या. माऊस अडकतो म्हणून बोलावलं होतं. मी तो साफ करून दिला. गेममध्ये गाडी एका लहानशा स्टेशनावर उभी होती. फलाटावर कोणी नव्हतं. बर्फ पडत होता आणि दिव्यापाशी आला की सोनेरी व्हायचा.

बऱ्याच वेळानं मी म्हणाले, "मामी, सिग्नल हिरवा झालाय."

"दिसायलाय मला." त्यांनी पदर सारखा केला. "मागून कोणती गाडी न्हाई. उभी राहू दे जरा."